खुर्च्या ठरल्या, बाबा!

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "खुर्च्यांचा एवढा खल कशाला? सागवान आणायचं, सुतार बसवायचा, आठ दिवसांत मोकळं." कोपनहेगनला सुतार घरी बसवायचा म्हणजे खुर्चीपेक्षा त्याची मजुरी जड, आणि बसवायला अंगण नाही ते वेगळंच. म्हणून दुकानं पालथी घालणं आलं. फोनवर सगळं सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलीस का" विचारते, म्हणून निवांत लिहितेय.

इथल्या आमच्या वयाच्या लोकांत दोन कंपन्या सगळ्यांच्या तोंडी आहेत, ‘हे’ आणि ‘मूटो’. पहिली रोल्फ आणि मेटे या नवरा-बायकोनं २००२ साली काढली, दुसरी २००६ ची. दोघींचे रंग सुरेख, आकार साधे, आणि जुन्या नामांकित घराण्यांपेक्षा भाव बरे. मूटोची एक खुर्ची तर प्लास्टिकमध्ये लाकडाचे तंतू मिसळून ओतलेली आहे, हाताला गंमतशीर लागते. ‘हे’ की ‘मूटो’ यावरून आमच्या घरात बरेच दिवस दोन पक्ष होते. मग जावईबापूंनी शोध लावला, की दोन्ही आता मिलरनोल या एकाच अमेरिकन कंपनीच्या मालकीच्या आहेत. पक्ष तिथेच बरखास्त झाले.

पण खरी अडचण मालकाची नव्हती. या दुकानांतले सोफे दिसायला देखणे, पण बुटके आणि खोल. पाठ टेकवली की पाय अधांतरी, पाय टेकवले की पाठ अधांतरी. चांगल्या उंच माणसांनी त्यावर लोळत पुस्तक वाचावं, अशी ती सगळी रचना. आई त्यात एकदा बसली की तिला उठवायला दोघं लागतील, आणि उठता उठता ती सोफा करणाऱ्याच्या सात पिढ्या काढेल. तुम्ही उन्हाळाभर इथे असणार, तेव्हा सोफा सध्या आहे तोच राहू दे म्हटलं. खरी बैठक आपल्याकडे जेवायच्या टेबलाशीच होते.

मग जुन्या घराण्यांकडे वळलो. कार्ल हान्सन अँड सन ही १९०८ ची कंपनी. त्यांची ‘वाय’ खुर्ची तुम्ही कुठल्यातरी हॉटेलात नक्की पाहिली असेल, पाठीला इंग्रजी वाय अक्षरासारखी फळी असते ती. हान्स वेग्नर यांनी ती १९४९ मध्ये आखली आणि १९५० पासून ती अखंड बनते आहे. बैठक कागदाच्या दोरीची! बाबा, हसू नका. कागद पिळून केलेली ही दोरी एका खुर्चीला सव्वाशे मीटरच्या आसपास लागते आणि माणूस ती हातानं विणतो. मी खाली वाकून पाहिलं, तर आपल्या माळ्यावरच्या सुंभाच्या बाजेची आठवण झाली, फक्त वीण इतकी घट्ट की मधे बोट शिरत नाही. सैल पडली तर उसवून पुन्हा विणून देणारे कारागीर इथे आहेत. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. प्लास्टिकच्या कवचाला तडा गेला तर त्याचं काय करणार?

पण भाव! नवी एकेक खुर्ची पाच हजार क्रोनरच्या पुढे. रुपयांत करून सांगत नाही, तुम्ही कराल आणि रात्रभर झोपणार नाही.

आता बाबा, खास तुमच्यासाठी. इथे ग्राहक सहकारी संस्थांचा एक जुना संघ आहे, पूर्वीचा एफडीबी, आताचा कूप. जन्म १८९६ चा. सामान्य माणसाला परवडेल असं चांगलं फर्निचर मिळावं म्हणून त्यांनी १९४२ मध्ये स्वतःचा फर्निचरचा विभाग काढला, आणि त्याच्या मुख्य आखणीकाराच्या जागी बोर्गे मोगेन्सन यांना नेमलं. हे मोगेन्सन पुढे डेन्मार्कच्या मोठ्या नावांत गेले. सहकारी संस्थेनं खुर्ची काढली आणि ती देशभर स्वयंपाकघराच्या टेबलांशी जाऊन बसली. अख्खी नोकरी सहकारी कारखान्यात काढलेल्या माणसाला यात काय मजा आहे, ते मी सांगायला नको. मध्ये बरीच वर्षं हे काम बंद पडलं होतं, २०१३ मध्ये पुन्हा सुरू केलं. पॉल फोल्थर यांची १९५६ ची ‘जे ४६’ ही त्यातली सगळ्यात साधी. पाठीला उभ्या दांड्या, बसायला लाकूड, ना गादी ना दोरी. वाय खुर्चीच्या निम्म्याहूनही बरीच कमी किंमत. तुम्हाला मांडी ठोकून जेवायची सवय आहे, तर या बिनहाताच्या खुर्चीवर निदान प्रयत्न करता येईल. वायवर हात आडवे येतात.

रंगाचं मात्र आई, तुझ्यामुळे ठरलं. इथे ओकचं लाकूड साबणाच्या पाण्यानं पुसून तसंच ठेवायची पद्धत आहे. साबणाचे पापुद्रे गरम पाण्यात विरघळवायचे आणि फडक्यानं चोळायचे. लाकूड पांढुरकं, मऊ दिसतं, मला फार आवडलं. दुकानदारानं नमुन्याचे तुकडे दिले होते, त्यावर घरी येऊन आमटीचा एकेक थेंब टाकला आणि तासाभरानं पुसला. लाखेसारखं पारदर्शक पॉलिश केलेल्या तुकड्यावर काही नाही. साबणवाल्यावर हळदीचा पिवळाधमक टिळा! उन्हात ठेवलं की हळद उडते हे खरं, पण नोव्हेंबरात इथे ऊन कुठून आणू? तेव्हा टेबल पॉलिशवालं आणि चार ‘जे ४६’ काळ्या रंगाच्या.

पाचवी खुर्ची आईची. तिला गुडघ्यांमुळे उठताना हाताला आधार हवा, म्हणून ती वायच घेतेय, पण जुनी. जुन्या सामानाच्या साइटवर बऱ्याच येतात, दोरी नवी विणून घेता येते. पेच एवढाच, की जुन्यांची बैठक साधारण ४३ सेंटीमीटर उंच, हल्लीच्यांची ४५. आईचे पाय टेकायला ४३ बरी, गुडघ्यांना ४५.

तर बाबा, आईला चपला काढून ताठ बसवा आणि गुडघ्याच्या मागच्या खळीपासून जमिनीपर्यंत टेपनं मोजा. अंदाजे नको. रविवारच्या आत व्हॉट्सॲपवर कळवा, मी एक खुर्ची धरून ठेवायला सांगितली आहे.

तुमची,
लेक

ता. क. आई, टेबलावर घालायला प्लास्टिकचं कव्हर आणू नकोस. खरंच आणू नकोस.