केसांसाठी कर्ज काढण्याआधी आवर्ती ठेव उघडा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पाचोऱ्याला एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरला बसतो, पंधरा वर्षं झाली. पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे एक नवीनच कर्ज सुरू झालंय जे कागदावर कुठंच दिसत नाही. फॉर्मवर 'कर्जाचे कारण' असा रकाना असतो, त्यात लोक घरदुरुस्ती लिहितात, दवाखाना लिहितात, बी-बियाणं लिहितात आणि मग बोलता बोलता कळतं की पैसे पोराच्या हेअर ट्रान्सप्लांटसाठी, म्हणजे डोक्यावर केस लावून घेण्यासाठी पाहिजेत.

दिवाळीनंतर एक मावशी आल्या. रुमालात बांधलेली मंगळपोत, त्याला तीन गाठी मारलेल्या. सोनाराने दगडावर घासून वजन करून आकडा सांगितला तोपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी कारण विचारलं तर हळूच म्हणाल्या, "पोऱ्यानं लगीन जमी नही राह्यनं भाऊ, डोकावर केस नहीत. तू लिखी ले घरनं काम." पोरगा सव्वीस वर्षांचा, कापूस आणि थोडी केळी, तीन ठिकाणी बायोडाटा गेला आणि फोटो पाहूनच परत आला. आधीच आपल्याकडे शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला लोक मागेपुढे पाहतात, त्यात हे. त्या माऊलीला मी काय सांगणार होतो की हौस आहे, सोडून द्या? हौस नाहीच ती. पोरगा लग्नाकार्यात टोपी काढत नाही, ग्रुप फोटोत मागे उभा राहतो, हे मी माझ्या सख्ख्या भाच्याचं पाहिलंय.

आता त्याचंच सांगतो, कारण तेव्हा मला उशिरा कळलं आणि त्याची मला अजून चुटपुट आहे.

भाचा जळगावला एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहे, पगार हातात १७,००० रुपये. त्याने मोबाईलवर जाहिरात पाहिली, झिरो टक्के ईएमआय, आजच बुक करा. घरात कोणाला न सांगता तो मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकला जाऊन आला. तिथं पहिल्या अर्ध्या तासात डॉक्टर भेटलाच नाही, भेटली ती काउन्सेलर म्हणून एक बाई, तिने ८०,००० चं पॅकेज सांगितलं आणि त्याच टेबलावर त्याच्याच मोबाईलमध्ये ॲप टाकून, आधार-पॅन घेऊन लोन मंजूर करून दिलं. बिलात वरून १८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे १४,४००. हा टॅक्स खरा आहे बरं का, दवाखान्याच्या उपचाराला जीएसटी माफ असतो पण केस लावणं त्या माफीत येत नाही, अपघातात किंवा जन्मजात दोषामुळे गेलेलं परत बसवायचं असेल तरच माफी. पण हे आधी कोणी बोललं नाही. झाले ९४,४००, महिन्याला ७,८६७ चा हप्ता, आणि प्रोसेसिंग फी २,३६० वेगळी. त्याच दिवशी शेजारी बसलेल्या माणसाला रोख भरतो म्हटल्यावर तेच पॅकेज ७०,००० ला दिलं! टॅक्स धरून ८२,६००. म्हणजे झिरो टक्के म्हणता म्हणता पोराने १४,१६० रुपये जास्त दिले. मी नंतर हिशोब मांडून पाहिला, घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर हप्त्याला कमी होत जाणाऱ्या बाकीवर, ते वर्षाला तीस टक्क्यांच्या वर जातं. आमच्याकडे सोनेतारण १२ टक्क्याने आहे, रोखीचे ८२,६०० काढून दर महिन्याला फेडत गेलं असतं तर वर्षाचं व्याज साडेपाच हजाराच्या आत बसलं असतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना कळवलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठंतरी लपवलेलं असतं. इतकी वर्षं झाली तरी जाहिरात तीच आहे.

पुढे एका महिन्यात कंपनीचा पगार दहा दिवस लेट झाला, हप्ता बाउन्स झाला, बँकेने चार्ज लावला, ॲपवाल्याने वेगळा दंड लावला आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, उतरलं ते उतरलंच. नंतर गाडीचं लोन मागायला गेला तर नाही म्हणाले.

सगळ्यात वाईट काय, तर त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की लावलेले केस पहिल्या महिना-दीड महिन्यात बहुतेक गळून पडतात, मुळं आत राहतात आणि नवीन केस तीन-चार महिन्यांनी यायला लागतात, पूर्ण दिसायला नऊ-बारा महिने लागतात. पोरगा दीड महिन्यानंतर आरशासमोर उभा राहून रडला, त्याला वाटलं फसलो. केस आले, नंतर चांगले आले, पण ते आले तेव्हा शेवटचे हप्ते चालू होते.

आणि इथंच मला मुद्दा सापडला. वाट तर तशीही बघायचीच आहे ना, मग हप्ता भरत बघण्यापेक्षा पैसे साठवत बघा. चामडीच्या डॉक्टरला आधी दाखवलं तर बहुतेक वेळा ते म्हणतात की सहा महिने ते वर्षभर औषध लावा, मिनॉक्सिडिल वगैरे, गळती थांबते का बघू, कमी वयात घाईने केस लावले तर पुढचे राहतात आणि त्यांच्या मागचे स्वतःचे केस जात राहतात, मग पुन्हा दुसरी बैठक, पुन्हा खर्च. लावायचे केस डोक्याच्या मागच्या बाजूने काढतात, तिथं काढण्यासारखे केस मोजकेच असतात, एकदा काढले की तिथं परत उगवत नाहीत. धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजात चामडीची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि दाखवायचं, त्याला लोन लागत नाही. त्याच दिवशी बँकेत आवर्ती ठेव उघडायची. महिन्याला ४,५०० भरले तर दीड वर्षात ८१,००० मुद्दल होते, सात टक्के व्याज धरलं तर पंच्याऐंशी हजाराच्या आसपास. म्हणजे भाच्याचं रोखीतलं पूर्ण बिल, टॅक्ससकट, तेही हप्त्याच्या साठ टक्क्यांहून कमी पैशात. तोपर्यंत औषधाने फरक पडला तर कदाचित ट्रान्सप्लांट लागणारच नाही आणि पैसे पोराचेच. ओळखीच्या माणसांची भिशी असेल तर तीही चालते, पण माणसं खरंच ओळखीची पाहिजेत, आपल्या जिल्ह्यात ठेवी अडकल्याने किती घरं बसली ते वेगळं सांगायला नको.

लोक मला विचारतात की मेडिक्लेम मिळेल का, आयुष्मान कार्डावर होईल का. नाही होत. सौंदर्यासाठी केलेलं ऑपरेशन विम्यात धरत नाहीत, अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरचं असेल तरच विचार होतो. आणि महात्मा फुले योजनेतही हे नाही, तर त्या नावाखाली कोणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका.

कर्ज काढायचंच असेल तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' (Key Fact Statement) नावाचा कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक कर्जाला ते द्यावंच लागतं, तेही आपल्याला समजेल त्या भाषेत, आणि त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. ॲपवरचं लोन असेल तर कूलिंग ऑफ म्हणून मुदत असते, कमीत कमी एक दिवस, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. भाच्याला हे माहीत असतं तर तो त्याच रात्री मला फोन करून सुटला असता. पण त्याने फोन केला नाही कारण त्याला लाज वाटत होती, आणि ही लाज आपणच घातलीय. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांना अचानक टक्कल पडायला लागलं तेव्हा दिल्लीहून पथकं आली, पाण्याचे नमुने घेतले, सगळ्यांनी काळजी केली. एकट्या पोराचे केस गेले की मात्र पारावरची माणसं त्याला नावं ठेवतात आणि मग तो गुपचूप लोन काढतो.

संपादक साहेब, आता आपल्याला एक विनंती आहे. पेपरात शेवटच्या पानावर या क्लिनिकच्या मोठमोठ्या जाहिराती येतात. त्यात केस लावणाऱ्या डॉक्टरचं नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर, आणि टॅक्ससकट एकूण रक्कम एवढं छापायला लावा. नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की हे काम रीतसर शिकलेल्या डॉक्टरनेच करायचं, वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून शिकलेलं चालणार नाही. मग डिग्री छापायला अडचण काय आहे?

त्या मावशींना मी पोत परत रुमालात बांधून दिली आणि पोराला पाठवा म्हटलं. तो दोन दिवसांनी आला, कान झाकतील अशी टोपी घालून, अर्धा तास बसला, धुळ्याला दाखवून येतो म्हणाला आणि गेला. आता दर महिन्याच्या सात तारखेला ३,००० घेऊन येतो, आवर्ती ठेवीचं पासबुक पुढे करतो. फॉर्मवर कारण त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, केसांच्या उपचारासाठी.

आपला नम्र,
एक पतसंस्था कर्मचारी
पाचोरा, जि. जळगाव