नवव्या प्रश्नाचं उत्तर कोण वाचणार?

मा. संपादक,
स. न.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची सर्वेक्षणं सर्रास व्हावीत, असा सूर आपल्या पानावरच्या पत्रांत दिसला. मी समाजशास्त्रात पीएचडी करते, विषय विद्यार्थ्यांचं स्वास्थ्य, आणि पहिल्या वर्षाला शिकवतेही. माझं संशोधनच अशा प्रश्नावल्यांवर उभं आहे. तरीही तक्रार करते आहे.

नैराश्याची लक्षणं जोखायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली बरीच वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. हे निदान नव्हे, नुसती चाळणी. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एका महाविद्यालयात हा फॉर्म शनिवारी दुपारी वर्गाच्या ग्रुपवर आला, नाव आणि हजेरी क्रमांकासकट. उत्तरं कोण बघणार, असं मी विचारलं. ‘अहवाल करताना बघू.’ अहवालाला दोन महिने होते. नवव्या प्रश्नापुढे कुणी ‘जवळपास रोज’ अशी खूण केली असेल, तर त्याने तोवर काय करायचं?

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. “मॅडम, खरं लिहिलं तर घरी फोन जाईल का?” मला उत्तर देता आलं नाही.

तिच्या वर्गाचे पेपर मीच तपासते, म्हणून त्या वर्गातल्या कुणाचीही मुलाखत संशोधनासाठी घेत नाही. गुण देणाऱ्या बाईला ‘नाही’ कोण म्हणणार? इतर वर्गांतल्या मुलांना मी सुरुवातीलाच सांगते, की नाव कुठेही येणार नाही, पण जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही. हे ऐकून काहीजण उठून जातात. जाऊ द्यावं.

जे बसतात ते ‘ताण’ हा शब्द क्वचितच वापरतात. एकाच दिवशी आलेली तीन सबमिशन्स, हजेरीची टक्केवारी, आपलं नाव एकाही शिक्षकाला ठाऊक नाही, असं सांगतात. माणूस समूहाशी किती बांधलेला आहे, याचा आत्महत्येच्या प्रमाणाशी संबंध असतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७मध्ये मांडलं. आम्ही ते वर्गात शिकवतो, परीक्षेत विचारतो आणि मग त्याच मुलांना दीर्घ श्वसनाच्या कार्यशाळेला बसवतो. (श्वसनाशी माझं भांडण नाही.) परीक्षेत गुण कमी आले की मुलाला समुपदेशकाकडे धाडतात. वेळापत्रक मात्र कुणी तपासत नाही.

फॉर्म जरूर पाठवा. पण नवव्या प्रश्नाची उत्तरं त्याच दिवशी बघून त्या मुलाशी बोलेल असं एक प्रशिक्षित माणूस आधी नेमा, आणि ती उत्तरं आणखी कोणाला दिसणार हे फॉर्मवरच लिहा.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. माझ्या विषयाचा निबंध इतर दोन विषयांच्या तारखेवरून आठवडाभर पुढे ढकलला. त्यासाठी तीन सह्या लागल्या.

आपली,
समाजशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी