डिस्चार्ज कार्डावर एक ओळ हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दीड वर्षापूर्वी माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी जीव वाचवला, फिजिओथेरपीने दोन महिन्यांत ते काठी टेकत चालू लागले. भेटायला येणारे म्हणायचे, “चला, बरे झाले एकदाचे.” पण सदऱ्याची बटणं आई लावायची, दाढी शेजारचा मुलगा करून द्यायचा. आमटी सांडते म्हणून सगळ्यांचं आटोपल्यावर ते एकटेच जेवायला बसायचे. हे आठ महिने चाललं. रोजची कामं रुग्णाला स्वतःच्या हाताने करता यावीत म्हणून शिकवणारी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, ‘ओटी’) नावाची शाखा आहे, हे रुग्णालयात आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

नावावरून नोकरीधंद्याचं प्रशिक्षण वाटतं, ‘ओटी’ म्हटलं तर ऑपरेशन थिएटर. आम्हीही असेच गोंधळलो. अखेर एका नातेवाइकाने सुचवलं म्हणून त्या तज्ज्ञ बाई घरी आल्या. त्यांनी आधी न्हाणीघर पाहिलं, मग विचारलं, “काका, दिवसातलं कुठलं काम स्वतःच्या हाताने करायचंय?” वडील म्हणाले, “सकाळचा चहा.” आमच्याकडे पहाटेचा चहा कायम त्यांचाच असायचा.

मग बाईंनी एकेक युक्ती शिकवली. सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना शेवटी काढायचा. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. चमच्याच्या दांड्यावर सायकलची रबरी मूठ चढवली. न्हाणीत खुर्ची ठेवली, भिंतीला दांडी बसवली. आणि चहाचं पातेलं उचलायचंच नाही. डाव्या हाताने पळीपळीने कपात घ्यायचा. आता रोज सकाळी आईला तो चहा मिळतो. वडील पुन्हा आमच्या पंगतीत जेवतात.

त्या तज्ज्ञ बाईंकडेच तिसरीतला एक मुलगा येतो. अक्षर वेडंवाकडं, लिहिणं पुरं होत नाही, म्हणून शाळेत आळशी ठरलेला. बाकावर त्याचे पाय अधांतरी लोंबत होते आणि बोटांत पेन्सिल धरण्याइतकं बळ नव्हतं. पायांखाली पाट आला, घरी कणीक मळणं आणि कपड्यांचे चिमटे लावणं सुरू झालं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना दात घासायला, कपडे घालायला शिकवण्याचं कामही याच शाखेचं.

१९५० साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आशियातलं पहिलं व्यवसायोपचार विद्यालय सुरू केलं. त्याच महाराष्ट्रात आम्हाला ही शाखा योगायोगाने कळावी, याचं मला फार वाईट वाटतं. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच सुधारणा सर्वांत वेगाने होते, आणि आमचे नेमके तेच महिने वाया गेले.

आरोग्य खात्याला विनंती आहे की पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘व्यवसायोपचार तज्ज्ञांना दाखवा’ एवढी एक ओळ छापावी, आणि ते तज्ज्ञ निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात भेटतील अशी सोय करावी.

– एक वाचक, सांगली