युगांडाला निघण्याआधी एवढं वाच

इंदिरानगर, नाशिक
१४ जून

प्रिय दिन्या,

परवा फोनवर म्हणालास, "अजून वीस दिवस आहेत, इंजेक्शनचं शेवटच्या आठवड्यात उरकतो." मी तेव्हा कंपनीच्या गेटवर होतो, मागं जनरेटर चालू होता, नीट बोलता आलं नाही. पण रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. अरे, शेवटच्या आठवड्यात चालत नाही ते. पिवळ्या तापाची लस टोचल्यावर तिचं सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं. आठव्या दिवशी विमानात बसलास तर हातात कार्ड असूनही ते कच्चंच. युगांडात शिरायला ते लागतं, आणि ते नसताना तिकडून परत आलास तर आपल्याकडचे लोक सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास घराघरात आहे, तोच आपला डेंग्यूवाला. म्हणून ही कडकाई.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच. आफ्रिकेला निघताना मी त्यासाठी मुंबईला गेलो होतो, सकाळच्या पंचवटीनं. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात, आणि पावडरीत पाणी घातलं की सहा तासांत ती संपवावी लागते. म्हणून ते लोक माणसं जमवून, वार ठरवून टोचतात. आधी नंबर लाव. सर्टिफिकेटच्या पिवळ्या पुस्तिकेवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते तिथंच उभं राहून बघ. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी पडलं होतं, तेवढ्यासाठी पुन्हा रांगेत उभं राहिलो. एकदा झालं की सुटलास, २०१६ पासून ते सर्टिफिकेट जन्मभर चालतं.

काकूंना डिसेंबरात बोलावणार म्हणतोस, तर त्यांचं आत्ताच विचारून घे. लस जिवंत विषाणूची आहे, आणि साठीपुढच्या माणसाला पहिल्यांदा देताना डॉक्टर दहादा विचार करतात.

टायफॉइड, कावीळ ए आणि धनुर्वात हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे होतील. तुझं काम साइटवरचं, तिथं कुत्री फार, तेव्हा रेबीजचंही विचार. चावलंच तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. हळद-चुना नाही.

आता खरं जे सांगायचंय ते. मलेरियाला लस टोचून मोकळं होता येत नाही, गोळ्याच खाव्या लागतात. तुझ्या केमिस्टनं क्लोरोक्विन सुचवलं म्हणालास, ते विसर. तिकडच्या फाल्सिपेरमवर, म्हणजे मलेरियाच्या जंतूवर, त्याचा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी मला डॉक्सिसायक्लिन दिलं होतं. निघायच्या आदल्या दिवसापासून रोज एक, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशाखाली भाजल्यासारखं होतं. तिकडे मी एक दिवस चुकवला नाही. आणि नाशिकरोडला उतरलो त्या दिवशी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. घरी आलो, आता कसला मलेरिया!

चूक तिथं झाली. तो जंतू आधी यकृतात जाऊन बसतो, मग रक्तात उतरतो. ही गोळी रक्तात उतरलेल्याला मारते, म्हणून परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. दुसरी एक गोळी आहे, अॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल. ती यकृतातल्यालाही गाठते, म्हणून परतल्यावर सातच दिवस, पण महाग.

बाराव्या दिवशी मला हुडहुडी भरली. गणपतीचे दिवस, गल्लीत निम्मी घरं तापानं झोपलेली. डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी केली, नाही निघाला. प्लेटलेट कमी, मग व्हायरल म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बडबडायला लागलो, तेव्हा ही म्हणाली, "डॉक्टर, हे आत्ताच आफ्रिकेतून आलेत." त्यांचा चेहरा उतरला. तासाभरात रिपोर्ट आला, मलेरिया.

बरा झाल्यावर लॅबवाल्यानं माझ्या रक्ताची काच दाखवली. गुलाबी चकत्या म्हणजे रक्ताच्या पेशी, आणि काहींच्या आत बारीकशी अंगठी, तिच्यावर खड्यासारखा एक ठिपका. तोच तो जंतू. कुणाच्या साखरपुड्याची असावी इतकी नाजूक. तिनं मला चार दिवस सलाइनवर झोपवलं होतं.

म्हणून परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांसमोर बसताच पहिलं वाक्य "मी युगांडात होतो" हे बोल. नाव-वय नंतर.

बाकी मजेत राहा. कंपाला उंचावर आहे, तिथं डास नसतात असं कुणी सांगेल, ऐकू नको. विमान एंटेबीला उतरतं. तिथल्याच झिका नावाच्या जंगलात १९४७ साली एका माकडाच्या रक्तात झिकाचा विषाणू सापडला, पिवळ्या तापाचा शोध चालला असताना. दिवसा डेंग्यूवाला डास, रात्री मलेरियावाला, सुट्टी कुणालाच नाही. रस्त्यावर 'रोलेक्स' मागशील तर घड्याळ नाही मिळणार, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट मिळेल. गरम तव्यावरचं खुशाल खा, आतली कच्ची कोबी-टोमॅटो काढायला सांग.

एक मात्र ऐक. व्हिक्टोरिया तलाव बघून तुला गंगापूर धरण आठवेल आणि तू कपडे काढशील, ओळखतो मी तुला. उतरू नको. तिथल्या गोगलगायींतून निघालेल्या अळ्या कातडीतून आत शिरतात. त्याला बिल्हार्झिया म्हणतात.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. माझी औषध लावलेली मच्छरदाणी काढून ठेवलीय, औषध पुन्हा मारावं लागेल. एका कोपऱ्यात भोक होतं, आईनं शिवलंय, पण लाल दोऱ्यानं.

तुझा,
मिल्या