‘प्रशिक्षक’ला इंग्रजीत काय म्हणावे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नवशिक्याला पोहायला शिकवणाऱ्यापासून राष्ट्रीय संघाची तयारी करून घेणाऱ्यापर्यंत सर्वांना मराठीत ‘प्रशिक्षक’ हा एकच शब्द पुरतो आणि म्हणूनच त्याचे इंग्रजी करताना घोटाळा होतो. भाषांतरकार म्हणून माझ्याकडे नोकरीचे अर्ज तपासायला येतात. अलीकडच्या एका अर्जात उमेदवाराने स्वतःला वर ‘स्विमिंग ट्रेनर’, अनुभवाच्या रकान्यात ‘कोच’ आणि सहीखाली ‘मास्टर’ म्हटले होते. एकाच पानावर तीन माणसे!

पाण्याला घाबरणाऱ्याला हातपाय मारायला शिकवतो तो ‘इन्स्ट्रक्टर’ किंवा ‘टीचर’. ज्याला पोहता येतेच, त्याची शर्यतीतली वेळ सेकंदाच्या अंशाअंशाने खाली आणतो तो ‘कोच’. स्कीइंग किंवा कराटे शिकवणाराही सहसा ‘इन्स्ट्रक्टर’च. ‘कोच’ या शब्दात स्पर्धा गृहीत धरलेली असते. हंगेरीतील कोच नावाच्या गावातल्या घोडागाडीवरून आलेला हा शब्द १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला लावला आणि तिथून पुढे तो खेळात आला. मुक्कामाला पोहोचवण्याचा भाव त्यात मुळातूनच आहे.

खरी फसगत ‘ट्रेनर’ची. व्यायामशाळेत तो शरीर कमावून घेतो. मुष्टियुद्धात मात्र मुख्य गुरूलाच ‘ट्रेनर’ म्हणतात आणि घोड्यांच्या शर्यतीत ‘ट्रेनर’ तयार करतो तो घोडा. अमेरिकेत ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ हा खेळाडूंच्या दुखापती पाहणारा आरोग्य व्यावसायिक असतो, तर ब्रिटनमध्ये ‘ट्रेनर्स’ म्हणजे चक्क पायातले बूट. ब्रिटिश फुटबॉलमधील ‘मॅनेजर’ हा कार्यालयीन व्यवस्थापक नसून बहुधा संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा मुख्य माणूस असतो, हेही भाषांतरात वारंवार निसटते.

त्या अर्जात मी सर्वत्र ‘स्विमिंग इन्स्ट्रक्टर’ केले, तेव्हा उमेदवार खट्टू झाला. ‘कोच’ म्हटले की वजन पडते, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नाही. पण ‘कोच’ लिहिलेत तर मुलाखतीत पहिला प्रश्न तुमच्या जलतरणपटूंच्या स्पर्धेतील निकालांचा येईल, एवढे सांगितल्यावर राहून गेलेला एक ‘कोच’ त्याने स्वतःच शोधून खोडला.

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार वाचक