फिर्यादीच्या रकान्यात वस्ती कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यातील गुन्हेगारी आणि वस्त्या या विषयावर आपल्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे चाललेला वाद मी नेमाने वाचते आहे. एका वाचकांचे म्हणणे असे, की कोयते घेऊन फिरणारी पोरे ज्या वस्त्यांतून येतात, त्या शहराबाहेर हलवल्याखेरीज पुणे पूर्वीसारखे राहण्याजोगे होणार नाही. दुसऱ्या वाचकांनी सरकारी आकडेवारीचा दाखला देऊन पुणे इतर महानगरांच्या मानाने सुरक्षितच आहे आणि भीती फक्त बातम्यांनी वाढवली आहे, असे लिहिले. दोघांची तळमळ खरी असावी. पण दोन्ही पत्रांत वस्तीतला माणूस एकदा आरोपी म्हणून येतो आणि एकदा आकडा म्हणून येतो. फिर्यादी म्हणून तो कुठेच येत नाही. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

मी पर्वतीच्या पायथ्याशी एका साध्या सोसायटीत सत्तावीस वर्षे राहते आणि आमच्या मागच्या भिंतीपलीकडे वस्ती सुरू होते. एका सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे कर्जविभागात गेली, त्यामुळे या भागातल्या कितीतरी रिक्षा आणि टेम्पोंची कागदपत्रे माझ्या हाताखालून गेली आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना नेहमी दवाखान्यात नेणारा रिक्षावाला एके दिवशी आला नाही. दुपारी कळले, की रात्री दोनच्या सुमारास पाच-सहा पोरे गल्लीतून शिव्या देत गेली आणि रस्त्याकडेला लावलेली जी गाडी दिसेल ती त्यांनी फोडली. मी बघायला गेले तेव्हा त्याच्या रिक्षाची पुढची काच गेलेली होती, टपाचे रेक्झीन या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेले होते आणि त्याची बायको खराट्याने काचा गोळा करून तेलाच्या रिकाम्या डब्यात भरत होती, कारण गल्लीतली लहान मुले अनवाणी खेळतात. शेजारी पोह्यांची गाडी लावणाऱ्याची स्कूटर आडवी पडली होती. रिक्षाच्या दुरुस्तीला साडेसात हजार लागले आणि चार दिवस धंदा बंद राहिला. हप्ता मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच कापला गेला.

तो चौकीत गेला होता. तिथे त्याला विचारले गेले, की कोणी केले त्याचे नाव सांग. नाव त्याला माहीत होते, ते सांगणे मात्र शक्य नव्हते, कारण ते पोर त्याच्या घरापासून चौथ्या दारात राहते आणि त्याची स्वतःची मुलगी क्लासहून रात्री त्याच गल्लीने परतते. अखेर पांढऱ्या कागदावर एक अर्ज लिहून घेऊन शिक्का मारलेली प्रत त्याच्या हातात दिली गेली. मी विम्याचे विचारले, तर अपेक्षेप्रमाणे विमा फक्त थर्ड पार्टीचा निघाला. आठ-दहा वर्षे जुन्या रिक्षेला स्वतःच्या नुकसानीचा विमा उतरवणारा मालक मी नोकरीत असताना क्वचितच पाहिला.

या अर्जाचे आकडेवारीत काय होते, हे पाहिले पाहिजे. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ प्रमाणे मालमत्तेची मोडतोड एक लाख रुपयांच्या आत असेल, तर तो साधारणतः अदखलपात्र गुन्हा ठरतो, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीवाचून पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. नुकसान एक लाख किंवा त्याहून जास्त झाले, तर दखलपात्र. म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बाईची सेकंडहँड स्कूटी फोडली आणि एखाद्याची महागडी मोटार फोडली, तर हातातली काठी तीच असूनही कायद्याच्या लेखी दोन निराळ्या पायऱ्यांवरचे गुन्हे होतात. हातात कोयता होता, दहशत माजवली, हे फिर्यादीत आले तर पुढची कलमे लागतात आणि प्रकरण दखलपात्र होते, हे खरे. पण तसे सांगणारा, डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढे यावा लागतो आणि तो पुढे का येत नाही, ते वर लिहिलेच आहे. महानगरांची तुलना करताना आपण जे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकतो, ते दखलपात्र गुन्ह्यांचे असतात. रिक्षावाल्याचा अर्ज त्यांत नाही. एकाच रात्री तीस गाड्या फुटल्या आणि फिर्याद एक झाली, तर गुन्हाही एकच मोजला जातो.

तेव्हा आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्या वाचकांना माझे सांगणे एवढेच, की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे महानगरांचे दर लाख लोकसंख्येमागचे प्रमाण आजही २०११ च्या जनगणनेवर काढलेले असते. त्यानंतर पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावे आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे पुणे पोलिसांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फारसा टिकत नाही. २०२४ मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी अशी नवी पोलीस ठाणी झाली. ठाणे जवळ आले की तक्रारी वाढतात, आणि माझ्या मते त्या वाढाव्यातच. नोंदी वाढल्या म्हणजे शहर बिघडले आणि कमी झाल्या म्हणजे सुधारले, इतके ते सरळ नाही.

आता वस्त्या हलवण्याबद्दल. ते पत्र लिहिणाऱ्या वाचकांची भीती मी खोटी म्हणणार नाही. संध्याकाळी नातवाला घेऊन फिरताना रस्त्यावर तलवारीने केक कापणारे टोळके दिसले, की माझेही पाय आपोआप दुसऱ्या बाजूला वळतात. ही पोरे वस्तीतलीच असतात, हेही खरे. त्यातली कित्येक चौदा ते सतराची, शाळा सुटलेली, कोणा ‘भाई’च्या मागे फिरणारी आणि मोबाइलवर कोयत्यासह रील टाकून प्रसिद्ध होऊ पाहणारी. मला एक गोष्ट मात्र अनपेक्षित होती. पोलीस जेव्हा पकडलेल्या पोरांना दहशत माजवलेल्या त्याच गल्लीतून फिरवतात, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवतात त्या वस्तीतल्या बायका. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई त्या दिवशी म्हणाल्या, “बरं झालं, आता निदान पंधरा दिवस झोप लागेल.” न्यायालयाने दोषी ठरवण्याआधी कोणाची अशी धिंड काढणे मला मान्य नाही आणि मी तसे त्यांना सांगितलेही. त्या फक्त हसल्या. ज्यांच्या दाराला रात्री लाथ बसते, त्यांच्यापुढे हा मुद्दा मांडताना माझा आवाज जरा खाली गेला, हे कबूल केले पाहिजे.

वस्तीला गुन्हेगारीचे मूळ मानण्याची खोड आपल्या कायद्याच्या नावातही आहे. ज्या १९८१ च्या कायद्याखाली सराईत गुन्हेगारांना स्थानबद्ध करतात आणि जो बातम्यांत ‘एमपीडीए’ म्हणून येतो, त्याच्या लांबलचक नावात पहिलाच मान ‘झोपडपट्टी गुंडां’ना आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगर या श्रीमंत भागात भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला, त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. शहर संतापले आणि ते योग्यच होते. त्या संतापात कल्याणीनगर शहराबाहेर हलवा, असे मात्र कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

वस्त्या इथे का आहेत, हेही जुन्या पुणेकरांना ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पाणी आले तेव्हा नदीकाठची घरे गेली आणि शहराची वस्ती कडेकडेला सरकली. बहात्तरच्या दुष्काळाने खेड्यांतून माणसे आणली. पुढे बांधकामे आणि कारखाने वाढले तशी टेकडीच्या उतारावर घरांवर घरे चढली. आज या शहराचा कचरा दारोदार जाऊन उचलणाऱ्या ‘स्वच्छ’ या कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थेत तीन हजारांहून अधिक लोक काम करतात आणि त्यांत बहुसंख्य बाया याच वस्त्यांतल्या आहेत. त्यांना पंधरा किलोमीटर लांब नेऊन बसवले, तर सकाळी साडेसहाला आमच्या दाराशी कोण येणार, याचे उत्तर त्या पत्रात नाही. शाळा बदलावी लागली की कोणती मुले आधी गळतात, हे कोणत्याही महापालिका शाळेतल्या शिक्षकाला विचारावे. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याकाठची घरे ऐन पावसाळ्यात पाडायला घेतली होती आणि न्यायालयाने त्याच दिवशी ते काम थांबवले. सामान रस्त्यावर काढून बसलेली कुटुंबे मी त्या दुपारी पाहिली आहेत. त्यांच्यातला एखादा पंधरा वर्षांचा मुलगा पुढे कोणाच्या मागे जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

राहिला प्रश्न ‘राहण्याजोगे’ या शब्दाचा. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या जीवनसुलभता निर्देशांकात १११ शहरांत पुण्याचा पहिला क्रमांक आला आणि चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले. त्या मोजणीत शंभरपैकी ४५ गुण भौतिक सुविधांना होते, तर अर्थव्यवस्था आणि रोजगार यांना मिळून अवघे ५. त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला, जनता वसाहत या वस्तीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या आसपासच्या शेकडो घरांत पाणी शिरले. मी त्या दिवशी बँकेत होते. पुढे महिनाभर लोक भिजून लगदा झालेली पासबुके आणि शिधापत्रिका घेऊन काउंटरवर येत होते. २०२० च्या निर्देशांकात पुणे दुसरे आले, तेव्हाही पहिला क्रमांक हुकल्याची हळहळ झाली. आमच्या मागच्या भिंतीच्या अलीकडचे जीवनमान आणि पलीकडचे जीवनमान यांची सरासरी काढून आलेला तो क्रमांक होता आणि अशी सरासरी दोन्हीकडच्या कोणाच्याच वाट्याला येत नाही.

त्या भिंतीत एक लहान फाटक आहे. कामाला येणाऱ्या बायका, वॉचमन, इस्त्रीवाला, सगळे त्यातून ये-जा करत. गाड्या फुटल्यानंतर आमच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की सुरक्षिततेसाठी फाटकाला संध्याकाळी सातलाच कुलूप लावावे. मीही हात वर केला होता, हे लपवत नाही. परिणाम असा झाला, की रात्रीच्या पोळ्या करून साडेआठला निघणाऱ्या बायकांना आता कालव्याकडेच्या रस्त्याने वळसा घालून जावे लागते, आणि त्या रस्त्यावरचे तीन दिवे पावसाळ्यापासून बंद आहेत. त्याच वळणावर टोळकी बसतात. दोन महिन्यांत एकीचा मोबाइल हिसकावला गेला आणि तिनेही तक्रार दिली नाही. फाटकापासून वस्तीपर्यंतचे अंतर दीडशे पावले असेल. तिचा वळसा मी एकदा तिच्यासोबत चालून पाहिला, बावीस मिनिटे लागली. सोसायटीच्या इतिवृत्तात मात्र ‘उपाययोजनेनंतर आवारात एकही अनुचित प्रकार घडलेला नाही’ अशी नोंद आहे आणि ती अक्षरशः खरी आहे.

वाद घालायचाच असेल, तर तो घालता येईल अशी माहिती तरी लोकांसमोर यावी. पोलीस आयुक्तालयाने दरमहा ठाणेनिहाय हे प्रसिद्ध करावे, की गाड्यांची तोडफोड, धमकी आणि हिसकावणे यांबाबत किती अर्ज आले, किती अदखलपात्र नोंदी झाल्या आणि किती प्रकरणांत गुन्हा दाखल झाला. हे तिन्ही आकडे ठाण्यांत लिहिलेले असतात, फक्त एकत्र बाहेर येत नाहीत. एकाच रात्री एकाच गल्लीत अनेक वाहने फुटली असतील, तर एकेका मालकाला नाव विचारत बसण्याऐवजी पोलिसांनी स्वतः सरकारतर्फे फिर्यादी व्हावे. तसे काही प्रकरणांत होतेही, ते सर्रास व्हावे. महापालिकेने बंद पथदिव्यांची यादी क्षेत्रीय कार्यालयाबाहेर लावावी आणि वस्त्यांतल्या ज्या अभ्यासिकांना कुलपे आहेत, त्या रात्री दहापर्यंत उघड्या ठेवाव्यात. मध्यंतरी कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहण्याची सूचना दुकानदारांना झाली होती. तेवढीच तत्परता शाळेच्या पटावरून नाव गेलेल्या मुलाच्या घरी जाण्यात दाखवली, तर उद्या कोयता घेऊ शकणाऱ्यांची यादी बरीच आधी हाती लागेल.

आमच्या सोसायटीची पुढची सभा येत्या महिन्यात आहे. फाटक रात्री साडेनऊपर्यंत उघडे ठेवून तिथे एक दिवा आणि एक माणूस ठेवावा, असा ठराव मी मांडणार आहे. खर्च दर घरटी महिना साठ-सत्तर रुपये येतो. विरोध होईल, याची कल्पना आहे. रिक्षाला नवी काच बसली आहे. अर्जाचे पुढे काय झाले, हे विचारायला तो चौकीत अजून गेलेला नाही आणि मी सोबत येते म्हटले तर “मॅडम, राहू द्या” म्हणाला. त्याची आणि त्या बायकांची ओळख पटू नये म्हणून माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

कळावे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
पर्वती पायथा, पुणे