फुटव्यावर मेलेली नऊ मेंढरं आणि न मिळालेलं औषध

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी सांगोला तालुक्यातला मेंढपाळ. परवा मंगळवेढ्याच्या शिवारात माझी नऊ मेंढरं अर्ध्या तासात गेली. ज्वारी काढलेल्या रानात अवकाळीनं धसकटं फुटली होती. कोवळ्या फुटव्यात विष असतं, हे माझ्या आज्यालाही ठाऊक होतं. आम्ही त्याला किराळ लागणं म्हणतो. म्हणूनच मी कळप रस्त्याकडेनं नेत होतो. मागून डंपर हॉर्न देत आला अन् मेंढरं बिचकून रानात घुसली. हाकून काढेपर्यंत व्हायचं ते झालं. एक मेंढी माझ्या मांडीवर डोकं टाकून थरथरत होती. तोंडाला फेस, पोट टम्म.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री नंबर लावला. गाडी दुसऱ्या दिवशी अकराला आली. जवळच्या दवाखान्यात या विषावरचं औषध, सोडियम थायोसल्फेट, नव्हतं. ते वेळेत शिरेतून दिलं तर जनावर वाचू शकतं. गेल्या वर्षी मेळाव्यात तुम्ही याच औषधाचा शब्द दिला होता, मी पुढच्याच रांगेत बसलो होतो.

पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात गेलीच कशी? जबाबदारी मालकाची." आहेच साहेब! 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही तेच लिहिलंय. घरचं रान सोडलं की आमची जबाबदारी वाढते. पाणी पाजल्याशिवाय मी भाकरी मोडत नाही. रोज सांजच्याला वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालताना एकेकीचे खूर बघतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची, लस टोचून घेतो.

पण पाजायचं कुठं? ओढ्यावर उसाला पाणी ओढणाऱ्या मोटारी बसल्यात. आमच्या गावचं गायरान निम्मं तरी गिळलं गेलंय, पाणंदी, म्हणजे रानातून जायच्या वाटा, नांगरून टाकल्यात. त्याच कायद्यात जनावर उपाशी ठेवणाऱ्याला पहिल्या वेळी दंड आहे 10 ते 50 रुपये. तुमच्या लेखी मुक्या जिवाची किंमत एवढीच? निवडणूक आली की खांद्यावर घोंगडं, हातात काठी घेऊन फोटो काढता. निवडून आलात की आम्ही रस्ता अडवणारे!

सुगी संपायच्या आत वाटेवरच्या प्रत्येक दवाखान्यात ते औषध ठेवा. पाणंदी मोकळ्या करा, त्यांच्या कडेला पाण्याचे हौद बांधा. दुसरं काही मागत नाही.

तीन कोकरं आईविना राहिलीत. त्यांना बाटलीनं दूध पाजत हे लिहितोय.

आपला,
सांगोल्याचा एक मेंढपाळ